हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम आणि सीटी स्कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून लोक हातातला रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत असतात. 'टोटल कॅल्शियम स्कोअर' या शब्दांपुढे एक आकडा असतो. तो चांगला की वाईट, हे सांगणारं त्या क्षणी जवळ कोणी नसतं. मी रेडिओलॉजिस्ट आहे, हे रिपोर्ट लिहिणं माझं रोजचं काम. पण रिपोर्टात चार ओळी मावतात आणि लोकांच्या मनात चाळीस शंका असतात. मला वरचेवर विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

माझ्या छातीत दुखतंय. ही तपासणी करून घेऊ का?

नाही. छातीवर दडपण आलंय, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जातंय, दरदरून घाम फुटलाय, दम लागतोय, अशा वेळी लगेच रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. तिथे आधी ईसीजी निघतो, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात. कॅल्शियम स्कोअर ही धडधाकट वाटणाऱ्या, काहीही त्रास नसलेल्या माणसाची तपासणी आहे. 'गॅस झाला असेल' म्हणत रात्र काढणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून हा प्रश्न सगळ्यांत वर ठेवला.

कॅल्शियम स्कोअर म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत किती कॅल्शियम साचलं आहे, त्याचं हे माप. त्यासाठी छातीचा साधा सीटी स्कॅन करतात. सुई नाही, रंगद्रव्याचं इंजेक्शन नाही, उपाशी राहणं नाही. छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावतात. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर शांत असतं, नेमक्या तेव्हा यंत्र चित्र टिपतं. दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो. टेबलावर चढून उतरेपर्यंत दहा मिनिटंही लागत नाहीत.

कॅल्शियम तिथे जातंच कसं?

बरेच जण म्हणतात, 'बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसंच ना?' उपमा झटकन पटते, पण ती चुकीच्या वाटेला नेते. पाइपात क्षार बसतो तो आतल्या बाजूला, पाण्याच्या वाटेत. धमनीतलं कॅल्शियम बसतं भिंतीच्या पोटात.

आधी भिंतीत मेद शिरतो, म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण. शरीराला ते परके वाटतात, त्यांच्यावर हल्ला होतो, तिथे दाह सुरू होतो आणि चिघळत राहतो. वर्षं जातात. मग भिंतीतल्या काही पेशी आपला स्वभाव बदलून चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तिथे खनिज साठवतात. ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट, आपली हाडं आणि दात ज्याचे बनलेले असतात तेच. म्हणून धमनीतलं कॅल्शियम मला जुन्या जखमेच्या वणासारखं वाटतं. वण दिसला की इथे काहीतरी घडून गेलं आहे हे कळतं, आणि जिथे वण आहे त्याच्या आसपास ताजी जखमही असण्याची शक्यता बरीच.

हा आजार आजकालच्या धावपळीचा, असं आपण गृहीत धरतो. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्युशियन बेटं इथल्या १३७ ममींचे सीटी स्कॅन काढले होते. त्यांपैकी ४७ जणांच्या धमन्यांत आजाराच्या निश्चित किंवा संभाव्य खुणा सापडल्या. उलट २०१७ मध्ये बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने जमातीतल्या ४० वर्षांपुढच्या ७०५ जणांची तपासणी झाली, तर ८५ टक्के लोकांचा स्कोअर शून्य. शिकार, मासेमारी, थोडी शेती आणि दिवसभराची पायपीट असं त्यांचं आयुष्य. म्हणजे बीज माणसात जुनंच आहे, पण ते उगवेलच असं नाही.

स्कोअर काढतात कसा?

सीटीवर प्रत्येक ठिपक्याची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. सीटी स्कॅनरचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्यावरून हे नाव पडलं. पाणी म्हणजे शून्य. धमनीवरचा ठिपका १३० किंवा त्याहून जास्त असेल तर तो कॅल्शियम धरायचा. मग त्याचं क्षेत्रफळ घेऊन घनतेच्या गुणकाने गुणायचं: १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३ आणि ४०० च्या पुढे ४.

समजा एका ठिकाणी ४ चौरस मिलिमीटरचा डाग आहे आणि त्याची सर्वाधिक घनता २५०. चार दुणे आठ. दुसरीकडे ६ चौरस मिलिमीटर, घनता ४२०. सहा चोक चोवीस. बेरीज ३२. सीटीच्या सगळ्या कापांतले (स्लाइसमधले), सगळ्या धमन्यांतले असे आकडे मिळवले की तुमचा स्कोअर. ही पद्धत मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ आर्थर ॲगॅट्स्टन, रेडिओलॉजिस्ट वॉरन जॅनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. यंत्रं तेव्हापासून पार बदलली, गणित तेच राहिलं. रिपोर्टात 'ॲगॅट्स्टन स्कोअर' लिहितात ते यामुळे.

माझा स्कोअर १४२ आला. म्हणजे किती टक्के ब्लॉकेज?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा देतो: स्कोअर टक्क्यांत नसतो आणि तो ब्लॉकेज सांगतच नाही. रक्ताची वाट किती अरुंद झाली हे या स्कॅनमध्ये दिसत नाही. भिंतीत आजार किती पसरला आहे, एवढंच दिसतं. ३०० स्कोअर असूनही एकही धमनी लक्षणीय अरुंद नाही, असं होऊ शकतं. आजार वाढताना धमनी बरेचदा बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट बराच काळ मोकळी राहते.

मग या आकड्याचा उपयोग काय? हार्ट ॲटॅक पुष्कळदा ९० टक्के बंद झालेल्या जागी येतच नाही. भिंतीत साचलेल्या मेदाच्या मध्यम किंवा लहानशा थराचं (प्लाकचं) कवच फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. कुठला थर फाटेल हे कोणालाच सांगता येत नाही. पण थर जितके जास्त, तितकी कुठेतरी फाटण्याची शक्यता जास्त. स्कोअर सांगतो तो थरांचा हा एकूण साठा.

मग आकडा वाचायचा कसा?

ढोबळमानाने: ० म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही. १ ते ९९ म्हणजे थोडं. १०० ते ३९९ मध्यम. ४०० आणि पुढे भरपूर. १००० च्या वर गेलेल्यांची जोखीम, आधीच एकदा ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या जवळ जाते.

अमेरिकेत 'मेसा' नावाचा मोठा अभ्यास २००० साली सुरू झाला. ४५ ते ८४ वयाचे ६८१४ जण त्यात घेतले, तेव्हा कोणालाही हृदयविकार नव्हता. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. शून्य स्कोअरवाल्यांच्या तुलनेत १०१ ते ३०० स्कोअर असलेल्यांना हृदयधमन्यांच्या आजाराचा फटका बसण्याची शक्यता पावणेआठ पटींच्या आसपास होती, ३०० च्या वरच्यांना साडेनऊ पटींहून जास्त. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे सगळं हिशेबात धरल्यानंतरचा हा फरक आहे.

मात्र आकड्याशेजारी वय ठेवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. ७५ वर्षांच्या आजोबांचा स्कोअर ३० असेल, तर मी त्यांना पेढे वाटा म्हणेन. तोच ३० चाळिशीतल्या बाईंचा असेल, तर मी रिपोर्ट टेबलावर ठेवून आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करतो. म्हणून रिपोर्टात पर्सेंटाइल असतं. तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारख्या १०० जणांत किती जणांचा स्कोअर तुमच्यापेक्षा कमी, हे ते सांगतं. ७५ च्या वर असेल तर एकूण आकडा लहान असला तरी दुर्लक्ष करू नका. इथे एक अडचण आहे. सर्रास वापरलं जाणारं कोष्टक मेसाचं, आणि त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अमेरिकन होते. आपण त्यात नव्हतो.

मग आपल्या लोकांवर अभ्यासच झालेला नाही का?

झाला आहे, तोही अमेरिकेत. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि शिकागोत 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू झाला. नावातली गंमत जाणूनबुजून असली तरी काम गंभीर आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका इथून गेलेल्या कुटुंबांतले ९०६ जण पहिल्या फेरीत घेतले. असं दिसलं की दक्षिण आशियाई पुरुषांच्या धमन्यांतलं कॅल्शियम मेसातल्या गोऱ्या पुरुषांइतकंच आहे आणि तिथल्या बाकी तिन्ही गटांतल्या पुरुषांपेक्षा जास्त.

याला आणखी एका माहितीची जोड द्यायला हवी. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षाच्या सुमारास आलेला दिसला, इतरत्र ५९ च्या सुमारास. ही सहा वर्षं म्हणजे एखाद्या घरात मुलीचं शिक्षण पूर्ण व्हायचा काळ. म्हणूनच २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणाऱ्या घटकांत नाव घेऊन नोंदवला आहे. सान होजे किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मुलांना तिथले डॉक्टर ही तपासणी सुचवतात, मग मुलं घाबरून पुण्याला फोन करतात. घाबरू नका. ते डॉक्टर योग्य तेच विचारत आहेत.

ही तपासणी कोणी करावी?

जिथे निर्णय अडला आहे, त्यांनी. माझ्या मते यापलीकडे तिचं दुसरं काम नाही.

समजा ४८ वर्षांचे गृहस्थ आहेत. एलडीएल १४५, बीपी काठावर, वडिलांना ५२ व्या वर्षी ॲटॅक आलेला. डॉक्टर म्हणतात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करू. गृहस्थ म्हणतात, आयुष्यभराची गोळी कशाला, मी पथ्य करतो, टेकडी चढतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. इथे स्कोअर काढावा. १८० आला तर वाद मिटला, गोळी हवी. शून्य आला तर थोडं थांबायला जागा आहे, पण वडिलांचा इतिहास नजरेआड करून नाही. सर्वसाधारणपणे ४० ते ७५ वयातले, काहीही त्रास नसलेले, जोखीम मधल्या पट्टीत असलेले लोक यात बसतात.

कोणी करू नये?

ज्यांचा निर्णय आधीच झालेला आहे. ॲटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, बायपास झालीय, अशांना आजार आहेच. आकडा कळून उपचार बदलत नाही, शिवाय स्टेंटच्या धातूमुळे मोजमापही बिघडतं. एलडीएल १९० च्या वर असेल तर गोळी लागतेच. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन द्यावी असंच मार्गदर्शिका सांगतात. गर्भवतींनी करू नये. आणि तिशीतल्या निरोगी तरुणांनी हौसेखातर करू नये. त्या वयात बहुधा शून्यच येतो, आणि त्या शून्यातून खोटा दिलासा मिळतो.

माझा स्कोअर शून्य आला! आता काही काळजी नाही ना?

तुमचा आनंद मला कळतो. शून्य ही खरोखर चांगली बातमी आहे. पुढच्या काही वर्षांत ॲटॅक येण्याची शक्यता इतकी खाली आणणारी दुसरी साधी तपासणी मला माहीत नाही. पण शून्याचा अर्थ 'आजार नाही' असा नसून 'दगड झालेला आजार दिसला नाही' असा आहे. मऊ, मेदाने भरलेला, कॅल्शियम अजून न धरलेला थर या स्कॅनला दिसत नाही. तरुणपणी येणारे झटके बरेचदा असल्याच थरांतून येतात. आपल्याकडे ॲटॅक लवकरच्या वयात येतात हे लक्षात घेता, पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाच्या शून्यावर मी कमी विसंबतो.

तीन प्रकारच्या लोकांना शून्य येऊनही गोळी टाळण्याची मुभा मिळत नाही, असं ती २०१८ ची मार्गदर्शिकाही सांगते: सिगारेट ओढणारे, मधुमेही, आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेले. सिगारेट-बिडीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. शून्य स्कोअर घेऊन बाहेर पडल्यावर समोरच्या टपरीवर सिगारेट पेटवणारे लोक मी खिडकीतून पाहिले आहेत. धूर रक्ताची गुठळी धरण्याची वृत्ती वाढवतो, आणि गुठळी धरण्यासाठी कॅल्शियमची गरज नसते.

टीएमटी नॉर्मल आली, इको नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. तरी स्कोअर २६०. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. ट्रेडमिलवर पळताना हृदयाला रक्त कमी पडतं का, हे टीएमटी पाहते. वाट बरीच अरुंद झाल्याशिवाय ती बिघडत नाही. टू-डी इको हृदयाची हालचाल आणि झडपा दाखवतो. ईसीजी त्या क्षणाची विद्युत नोंद. भिंतीतला आजार या तिघांच्या नजरेबाहेर असतो. तुमच्या उदाहरणात सगळे मिळून सांगताहेत की आजार आहे, पण अजून रक्तपुरवठा अडलेला नाही. उपचाराने सर्वांत जास्त फायदा मिळण्याची हीच वेळ.

स्कोअर ४५० आला. लगेच अँजिओग्राफी करायची का?

त्रास नसेल तर फक्त या आकड्यावरून नाही. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे लोकांचं नुकसान होताना पाहिलं आहे. एका ओळखीच्या कुटुंबात हा आकडा कळल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना भरती केलं, अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. काका रोज पाच किलोमीटर चालणारे, छातीत कधी कळ आलेली नाही. स्टेंट बसल्यावर घरच्यांना वाटलं, संकट टळलं. कोलेस्टेरॉलची गोळी चार महिन्यांत बंद झाली. भिंतीतला बाकीचा आजार जिथल्या तिथे राहिला.

२०२० मध्ये 'इस्कीमिया' चाचणीचे निष्कर्ष आले. ३७ देशांतले ५१७९ रुग्ण, त्यांत भारतातलेही होते. सगळ्यांना स्थिर स्वरूपाचा हृदयविकार होता आणि तपासणीत रक्तपुरवठा कमी पडताना स्पष्ट दिसत होता. अर्ध्यांना आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी औषधं. मृत्यू आणि ॲटॅक यांत दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. छातीदुखी असलेल्यांना मात्र स्टेंट-बायपासने आराम जास्त मिळाला. जिथे त्रासच नाही, तिथे घाई कशासाठी?

४५० आल्यावर करायचं ते असं: चांगल्या फिजिशियनला किंवा हृदयरोगतज्ज्ञाला भेटा. चालताना, जिना चढताना काही होतं का ते खरं खरं सांगा. ते गरज वाटली तर ताणाची तपासणी सांगतील. एलडीएल बरंच खाली आणण्यासाठी जोरकस स्टॅटिन, बीपी काबूत, तंबाखू पूर्ण बंद. ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. १०० च्या वर स्कोअर असलेल्या काहींना तिचा उपयोग होतो, पण पोटात रक्तस्राव होण्याचा धोकाही खरा आहे, आणि हा तोल डॉक्टरांनीच साधायचा.

दोन वर्षं स्टॅटिन घेतली आणि स्कोअर २१० चा २७५ झाला. गोळीने बिघडलं?

नाही, आणि कृपा करून गोळी बंद करू नका. स्टॅटिनमुळे थरातला मेद कमी होतो आणि उरलेला भाग घट्ट होतो, त्यात कॅल्शियम दाट होतं. ॲगॅट्स्टनच्या गणितात घनता वाढली की गुणक वाढतो, त्यामुळे आकडा चढतो. पण मेसाच्याच माहितीवरून २०१४ मध्ये दिसलं की कॅल्शियमचं आकारमान सारखं असताना ते जितकं दाट, तितकी जोखीम कमी. पावसाळ्यात ढासळणाऱ्या मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा बसावा, तसं हे. म्हणून गोळी सुरू झाल्यावर तिचा परिणाम एलडीएलच्या तपासणीवरून पाहायचा, स्कोअरवरून नाही.

दूध, नाचणी, तीळ बंद करू? कॅल्शियमच्या गोळ्या?

अन्नातलं कॅल्शियम धमनीत जाऊन बसत नाही. नाचणीची भाकरी खुशाल खा. गोळ्यांबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नाही, काहींनी शंका उपस्थित केली आहे. म्हणून सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षं घेत राहू नका. पण हाडं ठिसूळ झाल्यामुळे डॉक्टरांनी दिल्या असतील, तर माझा रिपोर्ट वाचून त्या बंदही करू नका.

साचलेलं कॅल्शियम विरघळवता येतं का? चेलेशन, व्हिटॅमिन के-टू?

ते काढून टाकणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. डेन्मार्कमध्ये महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम असलेल्या पुरुषांना दोन वर्षं के-टू आणि डी जीवनसत्त्व देऊन पाहिलं, साठणं थांबलं नाही. शिरेतून चेलेशन, म्हणजे धातू-खनिजं बांधून बाहेर काढणारं औषध, देण्याचा प्रयोग ॲटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवर काटेकोरपणे करून पाहिला, २०२४ मध्ये निष्कर्ष आले, फायदा दिसला नाही. 'बायपासशिवाय ब्लॉकेज साफ' अशा जाहिरातींवर लोक पन्नास-साठ हजार, लाखभर रुपये घालवतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या पैशांत कित्येक वर्षांच्या स्टॅटिनच्या गोळ्या येतात.

तयारी काय करायची? रेडिएशनचं काय?

काही तास आधी चहा-कॉफी आणि तंबाखू टाळा, ठोके शांत राहतात. गळ्यातले दागिने काढावे लागतात, कारण धातूमुळे चित्रावर रेघा उमटतात. मंगळसूत्र काढताना काही काकू संकोचतात. आम्ही ते त्यांच्याच नवऱ्याच्या किंवा मुलीच्या हातात देतो, दोन मिनिटांत परत गळ्यात. आधीच सांगून ठेवलं की त्यांची धडधडही वाढत नाही.

किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला वर्षभरात आपोआप मिळतो तो जगाच्या सरासरीने २.४ च्या आसपास. म्हणजे योग्य कारण असेल तर भिण्याजोगा नाही, पण दर वाढदिवसाला करावा इतका फुकटचाही नाही. खर्च काही हजार रुपये, शहर आणि केंद्र यांप्रमाणे कमीजास्त.

सीटी अँजिओग्राफी म्हणजे हेच का?

नाही. त्यात शिरेतून रंगद्रव्य देतात, धमनीची आतली वाट दिसते, मऊ थरही दिसतात. ज्यांना छातीदुखीचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती उपयोगी. स्कॉटलंडमध्ये ४१४६ रुग्णांवर झालेल्या 'स्कॉट-हार्ट' चाचणीत, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही तपासणी केलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा ॲटॅक २.३ टक्क्यांना झाला, न केलेल्या गटात ३.९ टक्क्यांना. हा फरक पडला तो स्टेंटमुळे नव्हे. आजार डोळ्यांना दिसल्यावर औषधं योग्य माणसांना सुरू झाली, म्हणून.

कोविडच्या वेळी छातीचा सीटी केला होता. त्यात 'कोरोनरी कॅल्सिफिकेशन' असं बारीक अक्षरात लिहिलंय.

ती ओळ महत्त्वाची आहे. फुप्फुसांसाठी काढलेल्या साध्या सीटीतही हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम दिसतं. नेमका आकडा नाही तरी थोडं, मध्यम, भरपूर एवढं सांगता येतं. त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष फुप्फुसाच्या स्कोअरवर होतं आणि या ओळी वाचायच्या राहून गेल्या. घरातली जुनी फाइल काढा, रिपोर्ट शेवटपर्यंत वाचा, आणि अशी ओळ असेल तर डॉक्टरांना दाखवा. नव्याने स्कॅन करायची गरजही कदाचित पडणार नाही.

मॅमोग्राफीत स्तनातल्या धमन्यांचं कॅल्शियम दिसतं, तेही सांगण्याजोगं. ते धमनीच्या मधल्या थरात बसतं, त्याची जात थोडी वेगळी. पण ज्या स्त्रियांत ते दिसतं त्यांना पुढे हृदयविकार जास्त होतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. बायकांच्या छातीदुखीला 'टेन्शन' म्हणून बाजूला सारायची आपली सवय पाहता, ही खूण आयती हाती येत असेल तर ती घ्यावी.

रिपोर्टात झडपेवर कॅल्शियम असल्याचं लिहिलंय. तो याच स्कोअरचा भाग?

नाही, तो वेगळा मोजतात. महाधमनीच्या झडपेचा स्कोअर पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० च्या वर गेला, तर झडप बरीच आकसली असण्याची शक्यता असते. त्यासाठी इको करावा लागतो.

आमच्या सोसायटीत सगळ्यांनी मिळून पॅकेज घ्यायचं म्हणताहेत.

सरसकट नको. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ४६ हजारांहून जास्त पुरुषांवर 'डॅनकॅव्हास' चाचणी झाली. काहींना बोलावून सीटीसह तपासण्या केल्या, बाकीच्यांना नाही. पाचएक वर्षांनी एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. शिवाय छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात एखादी बारीक गाठ दिसते, ती बहुधा निरुपद्रवी असते, पण मग सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन आणि तोवर घरादाराची झोप उडते. सोसायटीने बीपी, एचबीए-वन-सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, आनुवंशिक जोखमीचा कण) हे करून घ्यावं. त्यातून ज्याचा निर्णय अडेल त्याने सीटीकडे यावं.

मी मॅरेथॉन धावतो, तरी स्कोअर ९०.

वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांत कॅल्शियम थोडं जास्त सापडतं, हे नोंदलं गेलं आहे. तेवढाच स्कोअर असलेल्या बैठ्या माणसापेक्षा तुमची जोखीम कमी धरतात. धावणं सोडू नका, पण एलडीएलकडे काणाडोळाही करू नका.

पुन्हा कधी करायची?

शून्य असेल आणि बाकी जोखीम कमी असेल तर सहा-सात वर्षांनी. मधुमेह असेल तर तीनेक वर्षांनी. स्कोअर आधीच १०० च्या वर असेल आणि औषधं सुरू असतील, तर बहुधा पुन्हा करायची गरजच नाही.

सीडी जपून ठेवायची का?

हो. रिपोर्टचा कागद आणि सीडी, दोन्ही. सीडीवर ओरखडे येतात, म्हणून घरातल्या कोणाला तरी ती संगणकात उतरवून ठेवायला सांगा. उद्या दुसऱ्या कारणासाठी छातीचा स्कॅन झाला, तर माझ्यासारख्या कोणाला तरी जुनी चित्रं शेजारी ठेवून पाहता येतील. कागदावर पेनाने एवढं लिहून ठेवा: त्या दिवशीचं वय, त्या महिन्यातलं एलडीएल, आणि तेव्हा कुठली गोळी चालू होती.